फक्त सोळा तास!

परवा एका मित्राचा फोन आला. बे एरियातली ऑफर हातात आहे, घरी आईचं तोंड एवढंसं झालंय. म्हणाला, "अरे, मी नेटवर बघितलं. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को साडेतेरा हजार किलोमीटर, फक्त सोळा तास. रात्री बसलो की दुसऱ्या दिवशी घरी!"

आता हा सोळाचा आकडा येतो कुठून? पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो अटलांटिकवरून जात नाही, सैबेरिया आणि आर्क्टिकवरून जातो. त्या दोऱ्याची लांबी सुमारे १३,५०० किमी. तिला ताशी ८५० ने भागलं की झाले सोळा तास. गणित बरोबर, उत्तर चूक!

कारण विमान दोऱ्यावरून उडत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १,४०० किमीने वाढून १५,३०० किमी झालं, आणि वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी कमी! उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, ते पाठीशी घेतले एवढंच. याउलट एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं, तेव्हा शहरं होती तिथेच राहिली आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांचे तास वाढले.

पण हे सगळं विमानात बसल्यानंतरचं. दोन वर्षांपूर्वी पहाटे आईचा फोन आला, "बाबांना ॲडमिट केलंय, अँजिओप्लास्टी करतायत." तेव्हा मी कागदावर मांडलेला हिशोब असा: घर ते विमानतळ १ तास, तिथे आधी ३, दुबईपर्यंत १६, तिथला मुक्काम ४, मुंबईपर्यंत ३, इमिग्रेशन आणि बॅगा दीड, टॅक्सीने पुणे ४. एकूण साडेबत्तीस तास. तेही तिकीट लगेच मिळालं तर. सरळ अंतराला या तासांनी भागा, जेटचा वेग ताशी ४१५ वर येतो.

आणि तरी मी गेलो नाही. पासपोर्टवरचा व्हिसा संपला होता. गेलो असतो तर परत येण्याआधी स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट, आणि ती कधी मिळेल ते देव जाणे. आई म्हणाली, "तू उगाच धावपळ करू नकोस, झालंय सगळं नीट." झालंही नीट. पण ते तीन दिवस मी इथे मीटिंगमध्ये बसून "येस, शुअर" म्हणत होतो, ते काही विसरता येत नाही.

म्हणून माझं मत असं, की परदेशातल्या नोकरीचं अंतर सुट्टीच्या प्रवासावरून मोजू नये. सगळ्यात वाईट दिवशी फोन ठेवल्यापासून हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत किती वेळ लागेल, ते खरं अंतर. हवेतले तास आपल्या हातात नाहीत, बाकीचे बरेचसे आहेत. व्हिसा संपू देऊ नये, तिकिटाचे पैसे वेगळे ठेवावेत आणि आई-बाबांपासून दहा मिनिटांवर राहणारं कोणीतरी हक्काचं माणूस असावं.

मित्राला जाऊ नकोस असं मी म्हटलं नाही. मी स्वतः इथेच बसून हे लिहितोय, कुठल्या तोंडाने म्हणणार? एवढंच म्हटलं, की सोळा नको धरूस, तेहतीस धर. आणि तो आकडा आधी आईला सांग.