विरंगुळा हराम आहे काय?

मुस्लिम मराठी कथेतला नायक कसा असतो? तो दंगलीत होरपळतो, संशयापायी पोलीस चौकीत बसतो, नाही तर भाड्याच्या घरासाठी वणवण करतो. नायिकेच्या डोक्यावर तलाकची टांगती तलवार. हे सारे खरे आहे, लिहिलेही पाहिजे. पण मालेगावात यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या वाचकाने रात्री पुन्हा तेच दुःख का वाचावे? ते तर तो जगूनच घरी आलेला असतो.

त्याला विरंगुळा हवा म्हटले की आपले समीक्षक 'पलायनवाद' म्हणून नाक मुरडतात. फाळणीच्या जखमा ओल्या असताना, १९५२ मध्ये, अलाहाबादहून इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' निघाली. तिचा नायक कर्नल फरीदी गुन्हेगारांचा माग काढतो. हिंदीत आणताना त्याच फरीदीचा 'विनोद' करण्यात आला! नायक कोणाच्या नावाचा, हे करमणुकीतही किती मोलाचे असते ते यावरून कळावे.

मराठीत बाबूराव अर्णाळकरांनी हजाराहून अधिक कादंबऱ्या लिहून घराघरात वाचक घडवले. आपण त्या वाटेला कमीपणा मानला. परिणामी आपला माणूस मराठी कथेत कायम साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा आहे. त्याला जरा खाली उतरू द्या. एखाद्या सलीमला खजिना सापडू द्या, एखाद्या शबानाला चोर पकडू द्या. वाचक दोन घटका स्वतःला विसरला, तर ना त्याचे ईमान बुडते, ना लेखकाची बांधिलकी.