अकरावा गडी

शाळेच्या मैदानावर क्रिकेटचा सामना चालू असला म्हणजे एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. कर्णधार चार चांगल्या मुलांना नेमक्या जागी उभे करतो, दोघातिघांना हाताने दिशा दाखवितो आणि उरलेल्यांना म्हणतो, "तुम्ही तिकडे कुठेतरी उभे राहा." त्या 'कुठेतरी' उभ्या राहिलेल्यांपैकी एखादा गवताची काडी उपटीत असतो, एखादा शेजारचा सामना पाहत असतो. चेंडू त्याच्याकडे गेला की सारे एकदम त्याच्या नावाने ओरडतात. चेंडू सुटतो, आणि फलंदाजीतही त्याला अकराव्या क्रमांकावर पाठविण्यास आयतेच कारण मिळते. असा मुलगा घरी येऊन "मला नाही खेळायचे" म्हणाला, की आईवडिलांना वाटते, याला खेळाची आवडच नाही. वस्तुतः त्याला खेळ कोणी शिकविलेलाच नसतो. केवळ उभे केलेले असते.

खो-खोमध्ये असे सहसा घडत नाही. ओळीत बसलेल्या आठ गड्यांपैकी प्रत्येकाला ठाऊक असते की, पुढचा 'खो' आपल्यालाच मिळू शकतो. म्हणून बसलेला गडीही पळणाऱ्यावर डोळा ठेवून असतो. आट्यापाट्यांत ज्याची त्याची पाटी ठरलेली असते. क्रिकेटमध्ये मात्र चेंडू एका वेळी दोघातिघांच्याच वाट्याला येतो आणि बाकीच्यांचे काम डोळ्यांना दिसत नाही. ते दाखवून देणे हे शिकविणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय. मुलाला 'येथे उभा राहा' एवढेच सांगून भागत नाही. 'येथे का' हेही सांगितले पाहिजे.

यासाठी मैदानही लागत नाही. घरच्या फरशीवर खडूने मोठे लंबवर्तुळ काढावे, मधे खेळपट्टीची रेघ ओढावी, अकरा चिंचोके आणि फलंदाजांसाठी दोन गुंड्या घ्याव्यात. आता मुलाला विचारावे : गोलंदाज ऑफ ब्रेक टाकणारा आहे आणि फलंदाज उजव्या हाताने खेळणारा, तर चिंचोके कसे मांडशील? चेंडू टप्पा पडल्यावर आत, म्हणजे फलंदाजाच्या पायांकडे वळणार, तेव्हा फटका बहुधा लेगच्या बाजूस जाणार, हे थोड्या विचाराने त्याच्या ध्यानात येते आणि तो अधिक चिंचोके तिकडे सरकवितो. मग खरी गंमत सांगावी. पुष्कळदा कर्णधार कव्हरची जागा मुद्दाम मोकळी ठेवतो. ती पाहून फलंदाजाला तिकडे मारण्याचा मोह होतो. पण वळत्या चेंडूच्या विरुद्ध बॅट फिरविताना बॅट आणि पाय यांच्यामध्ये फट राहते, आणि चेंडू तेवढ्यातून शिरून त्रिफळा उडवितो. रिकामी जागा हाही एक डाव असू शकतो, हे बारा वर्षांच्या मुलाला कळले की मैदानाकडे पाहण्याची त्याची दृष्टीच पालटते.

एकनाथ सोलकर यांचे उदाहरण येथे आवर्जून द्यावेसे वाटते. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्याचा हा मुलगा. हेल्मेटचा प्रसार होण्यापूर्वीच्या त्या काळात तो फलंदाजापासून अवघ्या काही हातांवर, शॉर्ट लेगला, वाकून उभा राही. सत्तावीस कसोटी सामन्यांत त्याने ५३ झेल घेतले. १९७१ साली ओव्हल मैदानावर भारताने इंग्लंडमधील आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला होता. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा गडी टिपले, हे सर्वांच्या लक्षात राहिले. पण पहिल्या डावात ९० धावा काढणाऱ्या ॲलन नॉटला या वेळी वेंकटराघवन यांच्या चेंडूवर एकाच धावेवर परत पाठविणारा झेल सोलकरचा होता. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन हे जगप्रसिद्ध फिरकी गोलंदाज खरे. परंतु बॅटीला लागून उडालेला चेंडू धरणारा हात जवळ नसता, तर त्यांच्या बळींची संख्या पुष्कळच उणी भरली असती. गोलंदाजाचा विचार क्षेत्ररक्षकाच्या हातात पुरा होतो, तो असा.

मात्र सोलकरची गोष्ट ऐकून कोणी उत्साही शिक्षकाने लहान मुलांना बॅटीच्या तोंडाशी उभे करू नये. इंग्लंड आणि वेल्सच्या क्रिकेट मंडळाच्या मार्गदर्शनानुसार पंधरा वर्षांखालील मुलांना मधल्या यष्टीपासून आठ यार्डांच्या, आणि तेरा वर्षांखालील मुलांना अकरा यार्डांच्या आत उभे राहण्यास मनाई आहे. अपवाद फक्त ऑफच्या बाजूस यष्टींच्या मागील जागांचा. खेळपट्टीची लांबी बावीस यार्ड. म्हणजे तेराखालील मुलाने निदान अर्ध्या खेळपट्टीइतके दूर राहावयाचे. आपल्या शाळांनीही एवढा नियम पाळावा.

ज्याच्याकडे चेंडू जात नाही त्याचे काम कोणते, हा प्रश्न मी मुलांना नेहमी विचारतो. समजा, चेंडू कव्हरकडे गेला. कव्हरने तो उचलून यष्टिरक्षकाकडे फेकला. फेक चुकली तर? स्क्वेअर लेगचा गडी आधीच धावत येऊन फेकीच्या रेषेत यष्टिरक्षकाच्या मागे उभा असला पाहिजे. फेक गोलंदाजाच्या टोकाकडे असेल, तर हेच काम मिड-ऑनचे. तो गडी जागचा हलला नाही आणि चेंडू सीमेपार गेला, तर चार धावा फुकट जातात, शिवाय फलंदाजांनी आधी पळून काढलेल्याही मोजाव्या लागतात. शिकविण्याची एक सोपी युक्ती अशी : सरावाचा सामना चालू असताना मधेच शिट्टी वाजवावी आणि सर्वांनी आहे त्या जागी थांबावे. मग एकेकास विचारावे, "तू आता कोठे निघाला होतास, आणि का?" पहिल्या दिवशी निम्मी मुले खाली पाहतात. पंधरा दिवसांनी शिट्टी वाजण्यापूर्वीच पाय हललेले दिसतात.

फलंदाजीतही हेच आहे. गल्लीत 'ज्याची बॅट त्याची पहिली खेळी' हा अलिखित कायदा असतो. शाळेत निदान तो मोडावा! सलामीच्या फलंदाजाने नव्या चेंडूची धार बोथट करावयाची, हे त्याला सांगितलेले असावे. नाही तर वीस चेंडूंत चार धावा काढून परतणाऱ्या मुलाला उगाच बोल बसतात. शेवटच्या गड्याला सांगावे, "तू धावा काढू नकोस, ते टोक सांभाळ." पळताना हाक कोणी द्यावयाची हेही पक्के हवे : चेंडू समोर गेला तर मारणाऱ्याने, मागे गेला तर पलीकडच्याने, आणि शब्द तीनच, 'ये', 'नको', 'थांब'. शालेय सामन्यांत धावचीत होणाऱ्या मुलांपैकी बरीचशी मंद पायांमुळे नव्हे, तर या तीन शब्दांच्या घोटाळ्यामुळे बाद होतात, असे माझे मत आहे.

फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागी केली. हा पराक्रम घरोघरी ठाऊक आहे. त्यांच्यानंतर खेळावयाचा होता अमोल मुजुमदार. तो पॅड बांधून बसून राहिला आणि त्याची पाळी आलीच नाही. पुढे प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये हजारो धावा काढूनही त्याला भारताकडून कसोटी खेळण्याची संधी मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा संघाचे प्रशिक्षक हेच मुजुमदार होते.

त्या अंतिम सामन्याचा धावफलक मुलामुलींना वाचून दाखविण्याजोगा आहे. शेफाली वर्मा मूळ संघात नव्हती; प्रतिका रावल जखमी झाल्याने तिला बोलावणे आले. तिने ८७ धावा केल्या. एवढ्यावर तिचे काम संपले असे कोणीही म्हटले असते. पण कर्णधार हरमनप्रीत कौरने तिच्या हाती चेंडू दिला आणि या अधूनमधून गोलंदाजी करणाऱ्या मुलीने दोन महत्त्वाचे बळी मिळविले. दीप्ती शर्माचे पाच बळी तर आहेतच. पण दक्षिण आफ्रिकेची पहिली जोडी फुटली ती अमनजोत कौरच्या थेट फेकीने. शतक करणाऱ्या लॉरा वुलवार्टचा उडालेला झेल हातातून दोनदा निसटूनही अखेर पकडला, तोही तिनेच.

म्हणून चौदा वर्षांपर्यंत कोणाच्याही कपाळावर एकाच कामाचा शिक्का मारू नये. सरावात यष्टिरक्षकाने दोन षटके गोलंदाजी करावी, वेगवान गोलंदाजाने ग्लोव्ह घालून पाहावेत, आणि कर्णधारपद दर आठवड्यास फिरते ठेवावे. 'तीन षटके, पंधरा धावा, चार गडी शिल्लक' असे छोटे डाव लावावेत. प्रत्येक षटकानंतर दोन्ही कर्णधारांनी आपापल्या गड्यांशी बोलावे, आणि त्या वेळी सीमेबाहेरच्या शिक्षकांनी व वडिलांनी कृपा करून गप्प बसावे. बाहेरून आज्ञा येऊ लागल्या की मैदानातली मुले विचार करणे सोडून देतात.

आणखी एक सूचना. धावांची वही ठेवणाऱ्या मुलाच्या शेजारी दुसरा एक मुलगा दुसरी वही घेऊन बसवावा. तिच्यात धावा आणि बळी नोंदवावयाचे नाहीत. कोणी किती धावा अडविल्या, कोण कोणाच्या मागे फेक राखावयास धावला, कोणी योग्य वेळी 'नको' म्हटले, एवढेच टिपावयाचे. सामना संपल्यावर ही वही पहिलीच्या आधी वाचावी.