पोरक्या नव्हे, स्वयंभू!

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना गुंतवून ठेवायला कागद, पेन्सिल आणि बेरीज एवढे भांडवल पुरे आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. 23 घेतले, तर 2 आणि 3 मिळून 5; म्हणजे पुढची संख्या 28. तिच्यापासून 38, मग 49, 62, 70. ही माळ कधीच संपत नाही.

आता मुलांना या सहा संख्यांतील सगळ्या अंकांची बेरीज करायला सांगा. ती बोटे मोजीत असताना आपण शेवटच्या 70 मधून पहिले 23 वजा करावे, 70 च्या अंकांचे 7 मिळवावे आणि 54 हे उत्तर सांगून मोकळे व्हावे! यात जादू नाही. प्रत्येक पायरीला आपण अंकांचीच बेरीज मिळवीत आलो. तेव्हा वजाबाकीत शेवटची संख्या सोडून बाकी सगळ्यांचे अंक आलेच.

ही माळ गुंफणारे गृहस्थ म्हणजे देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (1905–1986). पुढे जाणे सोपे. मास्तरांनी मागे वळून विचारले, या संख्येचा जनक कोण? 28 चा जनक 23. 101 ला तर दोन जनक, 91 आणि 100. पण 20 चे काय? 14 पासून 19 निघतात आणि 15 पासून एकदम 21. 20 ला जनकच नाही! तुम्हीआम्ही अशा संख्यांना पोरक्या म्हटले असते. मास्तरांनी त्यांना 'स्वयंभू' म्हटले. 1, 3, 5, 7, 9, 20, 31, 42... त्यांनाही अंत नाही.

पदव्युत्तर पदवी नसलेल्या या मास्तरांच्या संशोधनाला आपल्याकडील अनेकांनी पोरखेळ मानले. 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. मास्तरांनी मात्र स्वयंभू संख्यांवरील पुस्तिका देवळालीहून 1963 सालीच काढली होती. आणि मौज पाहा, 1963 हीसुद्धा स्वयंभू संख्याच!

आता आपापल्या जन्मसालाचा जनक शोधा. विसाव्या शतकातले साल असेल, तर 28 वर्षांपेक्षा मागे जावे लागणार नाही. 1950 चा जनक 1929. कुणाला जनक सापडलाच नाही, तर हिरमुसू नये. तो 1963 च्या पंक्तीला बसला!