ठेव माहितीची, किल्ली कोणाची?

जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या महापुराने रोहा तालुक्यातील नागोठण्याची दैना केली. अशा पुरात घर तर जातेच. पण ते घर आपले होते हे सांगणारा कागदही जातो. आज पेण-रोह्यातील शिक्षकाची सेवाविषयक कागदपत्रे, विद्यार्थ्याची टिपणे, कारकुनाची प्राप्तिकराची विवरणे आणि गणेशमूर्तींच्या कारखान्यांतील मागणीच्या याद्या मोबाइलमध्ये जाऊन बसल्या आहेत. कागदांची पेटी निदान माळ्यावर चढविता येत होती. खिशातील हे यंत्र मात्र एका क्षणात पाण्यात पडते किंवा चोरीस जाते.

यावर उपाय म्हणून क्लाऊडकडे बोट दाखविले जाते आणि ते योग्यच आहे. कुंडलिकेचे पाणी कितीही चढले तरी दूरच्या शहरातील प्रतीपर्यंत ते पोहोचणार नाही. तथापि, क्लाऊड म्हणजे आकाशातील ढग नव्हे. ते दुसऱ्याच्या इमारतीतील संगणक होत. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्रास आग लागली आणि शासकीय कर्मचाऱ्यांचा ८५८ टेराबाइटचा साठा, त्याची दुसरी प्रत नसल्यामुळे, नष्ट झाला. इमारत शाबूत राहिली तरी नियम आड येतातच. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते मजकुरासह काढून टाकण्याचा अधिकार गूगलने २०२३ पासून स्वतःकडे घेतला आहे.

ठेव दुसऱ्याकडे ठेवण्यातील जोखीम पेणच्या रहिवाशांना समजावून सांगण्याची गरज नाही. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा आयुष्यभराची पुंजी एकाच ठिकाणी ठेवण्याचा अर्थ हजारो कुटुंबांना कळून चुकला. पैशाच्या ठेवीला निदान विमा आहे. १९६० मध्ये पलाई सेंट्रल आणि लक्ष्मी या बँका बुडाल्यानंतर १९६२ मध्ये तो सुरू झाला आणि २०२० पासून त्याची मर्यादा पाच लाख रुपये आहे. माहितीच्या ठेवीला असा विमा नाही. दुसरी आणि तिसरी प्रत हाच तिचा विमा!

तेव्हा जाणकारांचा साधा नियम पाळावा: प्रती तीन, साधने दोन, आणि एक प्रत घराबाहेर. मोबाइलमधील मूळ, घरातील वेगळी हार्ड डिस्क आणि क्लाऊड एवढ्याने हे साधते. येथे एक गफलत टाळली पाहिजे. मोबाइलमधील छायाचित्र पुसताच क्लाऊडमधीलही पुसले जात असेल, तर ती दुसरी प्रत नव्हे, केवळ आरसा आहे. शिवाय सर्व माहिती सारख्या मोलाची नसते. वाहनपरवाना डिजिलॉकरमधून पुन्हा मिळू शकतो. आजीचे छायाचित्र किंवा प्रबंधाची टिपणे कोणतेही कार्यालय पुन्हा देणार नाही. मर्यादित जागा आणि वेळ प्रथम त्यांच्यासाठी खर्च व्हावा.

सुरक्षिततेचा खरा प्रश्न किल्लीचा आहे. जन्मतारखेचा पासवर्ड म्हणजे उंबऱ्याखाली ठेवलेली किल्लीच होय. पासवर्ड लांब आणि वेगळा असावा, खात्याला दुहेरी पडताळणी असावी, आणि बँकेची वा आधारची कागदपत्रे आपल्या किल्लीने कुलूपबंद करूनच क्लाऊडमध्ये चढवावीत. व्हॉट्सअॅपच्या राखीव प्रतीलाही असे कुलूप लावण्याची सोय २०२१ पासून आहे. मात्र ही किल्ली हरवली तर कंपनीही दार उघडू शकत नाही. म्हणून ती कागदावर लिहून घरातील विश्वासू माणसास ठाऊक असेल अशा जागी ठेवणे हे मागासलेपण नसून शहाणपण आहे.

अखेरीस, जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिच्यावर विसंबता येत नाही. वर्षातून एकदा, मृगापूर्वी घराची कौले चाळण्याच्या दिवसांत, राखीव प्रतीतील चार फायली उघडून पाहाव्यात. त्याला अर्धा तास पुरतो. पूर आल्यावर तेवढीही सवड मिळत नाही.