घरच्या सिनेमासाठी संगणक घेताना

मैत्रिणींनो, आजचा विषय तुम्हांला जरा पुरुषी वाटेल. 'वायरी-बियरींचं आपल्याला काय कळतं' असं म्हणून पान उलटू नका. पैसा आपल्या भिशीतला जाणार असेल, तर विषयही आपलाच की!

झालं असं, माझी भिशी लागली आणि घरात ठराव पास झाला, की सिनेमासाठी एक संगणक घ्यायचा. आम्ही किनवटचे. थिएटरच्या आवाजात सिनेमा पाहायचा तर नांदेड गाठायचं, आणि सासूबाईंचे गुडघे आता एसटीची पायरी चढू देत नाहीत. त्यातच हैदराबादच्या भाऊजींनी त्यांच्याकडच्या ब्लू-रे डिस्कची एक पेटीच पाठवून दिली. मग काय, बेत पक्का!

दुकानदाराने यादी करून दिली : मोठं ग्राफिक्स कार्ड, वेगळं साउंड कार्ड, वर एक ऑप्टिकल वायर. मी विचारलं, "एवढं सगळं लागतं का हो?" तर आमचे हे म्हणाले, "तो जाणकार माणूस आहे." मी गप्प बसले. तिथंच चुकले.

सामान घरी आलं तेव्हा किनवटचा उन्हाळा ऐन भरात होता. ग्राफिक्स कार्डचे पंखे असे घोंघावायचे, की शेजारी पिठाची गिरणी सुरू झाली असं वाटावं. आणि ज्या आवाजासाठी हा खटाटोप, तो काही मिळेना. डिस्कच्या वेष्टणावर 'डॉल्बी ट्रूएचडी' छापलेलं, पण रिसीव्हरच्या पाटीवर नुसतं 'डॉल्बी डिजिटल'. (रिसीव्हर म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात तो खोका.) दोन नावांत फरक आहे बरं का. ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या प्रकारांत मूळ आवाजातलं काहीही गाळलेलं नसतं. साधं डॉल्बी डिजिटल म्हणजे पुष्कळसं गाळून लहान केलेला आवाज.

दोष डिस्कचा नव्हता, वायरीचा होता. ऑप्टिकल वायरीतून एक तर दोन वाहिन्यांचा आवाज जातो, नाही तर हा गाळलेला. न गाळलेला, पाच-सात वाहिन्यांचा आवाज त्या नळीत मावतच नाही. तो एचडीएमआय वायरीनेच न्यावा लागतो. एचडीएमआयची १.३ ही आवृत्ती २००६ साली आली, तेव्हापासून ही सोय आहे. आणि गंमत पाहा, हल्लीच्या साध्या संगणकाच्या एचडीएमआय तोंडातून चित्राबरोबर हा आवाजही बाहेर पडतो. वेगळं साउंड कार्ड मध्ये येतच नाही! आमचं कार्ड दुकानदाराने परत घेतलं नाही. कपाटात पडून आहे.

तेव्हा संगणक छोटासा पुरतो. २०२३ साली आलेली इंटेलची एन१०० चिप असलेला, वहीएवढा डबा मिळतो. तो फार तापत नाही, गुरगुरत नाही. आत जुनी फिरती हार्ड डिस्क नको, एसएसडी घ्या, म्हणजे तीही खरखर गेली. ब्लू-रेचा ड्राइव्ह बाहेरून यूएसबीला जोडता येतो. ब्लू-रे चालवायचं सॉफ्टवेअर मात्र विंडोजबरोबर येत नाही, ते विकत घ्यावं लागतं. त्यात आवाज 'पासथ्रू' करा, म्हणजे न उलगडता थेट रिसीव्हरकडे जाऊ द्या. फोर-केच्या डिस्कसाठी मात्र संगणकाच्या नादी लागू नका. त्यांना लागणारी कुलूप-किल्लीची सोय इंटेलने २०२१ पासूनच्या घरगुती प्रोसेसरमधून काढून टाकली आहे.

जोडणीचा क्रमही सांगते. संगणकातून रिसीव्हरमध्ये, आणि रिसीव्हरमधून टीव्हीला. आपण उलटं करतो. आधी टीव्हीला लावतो आणि तिथून आवाज मागे आणतो. टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींवर 'ई-एआरसी' लिहिलेलं असेल तरच ते चालतं, नुसत्या 'एआरसी'तून न गाळलेला आवाज परत येत नाही. बाजारात 'होम थिएटर' म्हणून जे स्वस्त संच मिळतात, त्यांच्यातल्या काहींना एचडीएमआयचं तोंडच नसतं. खोका उलटा करून मागची बाजू बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. संगणकावर वाचवाल ते रिसीव्हर आणि स्पीकरवर घाला, कानाला ऐकू येतो तो त्यांचा आवाज.

आता एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. तुमच्याकडे डिस्क नसतील, सगळं नेटफ्लिक्स-प्राइमवरच बघायचं असेल, तर हा संगणक घेऊच नका. तिथला आवाज मुळात गाळलेलाच येतो, शिवाय संगणकाच्या ब्राउझरमधून पाहिलं तर कित्येकदा दोनच वाहिन्या मिळतात. टीव्हीतलं ॲप त्याहून बरं. नुसत्या डिस्कच बघायच्या तर ब्लू-रे प्लेअर सोपा. आम्हांला मुलाचा अभ्यास, लग्नाच्या चित्रफिती, सगळं त्यातच हवं होतं, म्हणून संगणक.

एवढं करूनही सासूबाई म्हणायच्या, "गाणं ढणढण ऐकू येतं गं, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही." त्यांचे कानच कमी झालेत असं आम्ही धरून चाललो, नि त्याही बापड्या हळूहळू सिनेमातून उठून जाऊ लागल्या. एके दुपारी मी सहज टीव्हीमागचा केर काढायला वाकले, तर मधल्या स्पीकरची वायर लोंबकळतेय! लांबी कमी पडली म्हणून जोडलीच नव्हती. रिसीव्हरला मात्र स्पीकर आहे असं सांगून ठेवलेलं. सिनेमातलं बोलणं बहुतेक त्या मधल्या स्पीकरकडे जातं, त्यामुळे ते भिंतीमागेच विरत होतं. वायर जोडली, त्या स्पीकरचा आवाज इतरांहून थोडा चढवला. त्या रात्री सासूबाई शेवटपर्यंत बसल्या.

आपल्याकडे फरशी उघडी, भिंती उघड्या, त्यामुळे आवाज घुमतो. जाड पडदा लावा, समोर सतरंजी अंथरा. लाइटचा भरवसा नाही, म्हणून संगणकाला छोटा यूपीएस हवाच. धडधडणारा सबवूफर त्यावर लावू नका.

आणि रिसीव्हरवर क्रोशाचा रुमाल घालू नका. मी घातला होता. वरच्या जाळीतून त्याची गरम हवा बाहेर पडते, ती कोंडली की खोका आपोआप बंद पडतो, तोही नेमका सिनेमाच्या शेवटी.