लातूर-नांदेडमध्ये वर्षातून दोनदा सावली गायब होते, मग शाळेत तो प्रयोग का होत नाही?

वर्षातून दोन दिवस लातूर आणि नांदेडमध्ये भर दुपारी सावली गायब होते. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच विरते. हाच शून्य सावली दिवस. लातूरला तो १३-१४ मेच्या सुमारास येतो, तर नांदेडला १६-१७ मेच्या सुमारास.

दिल्लीतल्या मुलांना हे कधीच दिसत नाही. कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे आणि तिथे सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही.

मग अडचण काय आहे?

अडचण कॅलेंडरची आहे. मे महिन्यात शाळांना उन्हाळी सुट्टी असते. दुसरा शून्य सावली दिवस जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येतो. तेव्हा शाळा सुरू असतात, पण आभाळ भरलेलं असतं. आणि २३ ऑगस्टला, म्हणजे राष्ट्रीय अंतराळ दिनाला, चांद्रयान-३ ची रांगोळी आणि भाषणं होतात. मोजायला मात्र हातात काहीच नसतं.

इस्रोचा 'युविका' हा नववीच्या मुलांसाठीचा निवासी उपक्रम २०१९ पासून सुरू आहे. निवडीत ग्रामीण शाळांना जादा गुणही मिळतात. पण जागा अख्ख्या देशासाठी मोजक्याच. बाकीच्या लाखो मुलांचं काय?

एक काठी, दोन शाळा

यासाठी शून्य सावलीची वाट पाहायची गरज नाही. कोणताही निरभ्र दिवस चालतो.

१. एक मीटरची काठी सपाट जागेवर रोवा. ती सरळ आहे का, हे गवंड्याच्या ओळंब्याने तपासा.
२. दुपारी १२ ते पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा.
३. सर्वात आखूड सावली मोजा. तीच त्या गावाची खरी मध्यान्ह.
४. त्याच दिवशी दुसऱ्या गावातल्या शाळेनेही हेच करायचं.

२२-२३ सप्टेंबरच्या सुमारास लातूरला ही सावली सुमारे ३३.३ सेंटीमीटर भरेल, नांदेडला ३४.७. दहावीच्या त्रिकोणमितीने कोन काढला, तर दोन्हींत सुमारे ०.७५ अंशाचा फरक येतो. दोन्ही शहरांमधलं उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ८३ किलोमीटर आहे (रस्त्याचं अंतर इथे चालत नाही). ३६० भागिले ०.७५ म्हणजे ४८०. त्याला ८३ ने गुणलं की ३९,८४० किलोमीटर. हा झाला पृथ्वीचा परीघ. खरा आकडा ४०,००० च्या आसपास आहे.

एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी याच पद्धतीने परीघ काढला होता.

उत्तर चुकलं तर?

चुकणारच. दोन्ही सावल्यांमध्ये फरक जेमतेम दीड सेंटीमीटरचा आहे. मोजताना एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला, तर उत्तर अडीच हजार किलोमीटरहून जास्त चुकतं. त्यात सूर्य हा ठिपका नसून तबकडी असल्यामुळे सावलीची कडही धूसर असते. मग काठी तीन मीटरची घ्यायची का? दहा वेळा मोजून सरासरी काढायची का? की जोडीदार शाळा दिल्लीची शोधायची, म्हणजे फरक दहा अंशांचा मिळेल?

पाठ्यपुस्तकात उत्तर आधीच छापलेलं असतं, त्यामुळे हे प्रश्न पडतच नाहीत. 'लातूर पॅटर्न'ने गुण कसे मिळवायचे, हे राज्याला दाखवलं. पण चूक किती आणि कुठून आली, हे शोधायला गुण नसतात. विज्ञानाचं अर्धं काम मात्र तेच असतं.

शेजारी काय उभं राहतंय?

नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळच्या दुधाळा इथे 'लायगो-इंडिया' प्रकल्प होतोय. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. इथल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा गुरुत्वीय लहरी टिपणार आहेत. त्यासाठी प्रोटॉनपेक्षाही हजारो पटींनी लहान बदल मोजावा लागतो.

तिथेही रोजची झुंज तीच असते: मोजमापातली चूक कशी कमी करायची? मराठवाड्यातल्या मुलांनी हा प्रकल्प फक्त सहलीत लांबून बघायचा, की उद्या तिथे काम करायचं? त्याची तयारी शाळेच्या मैदानावर होऊ शकते. खर्च एका काठीचा आहे. वेळापत्रकात लागतो एक तास, आणि दुसऱ्या गावातल्या शिक्षकांना एक फोन.