अनुदान म्हणजे पालकत्व नव्हे

डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरात अस्पृश्य मानलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले; अन्न, वस्त्र व शालेय साहित्याचा भार स्वतः उचलला. त्यामागील तत्त्व निवाऱ्यापुरते नव्हते. समाजाने दूर लोटलेल्या मुलाला तेथे हक्काची पंगत आणि सोबती लाभणार होते.

आज शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना ‘स्वाधार’ योजनेतून खात्यावर रक्कम मिळते. ती हवीच. परंतु रक्कम खोलीचे भाडे भरते. आजारी मुलाच्या उशाशी बसत नाही. म्हणून कार्यकर्त्यांची मागणी निःसंदिग्ध असावी: रोख मदत वसतिगृहाला पूरक ठरावी, पर्याय नव्हे, आणि गृहपाल मुलांसोबत राहणारा असावा.